सातातली एक कुस्ती

२६ डिसेंबर

सुमोच्या क्रमवारीचा कागद आला. माझं नाव तळाच्या ओळीत, शेवटून तिसरं. केसाएवढं बारीक! दाइमोन दादाने कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. म्हणाला, "शिओकाझे, तू आहेस की हा माशीचा पाय?"

तालमीतले सगळे हसले. मीही हसलो.

दोन वर्षांपूर्वी हेच नाव वरून तिसऱ्या गटात होतं. लांबून वाचता यायचं.

२७ डिसेंबर

गुडघा सुजलाय. पहाटे दोनशे वेळा पाय उचलून आपटायचे असतात, मी साठ आपटले. उजवा आपटला की आतून आवाज येतो, जात्यात खडा आल्यासारखा. उस्ताद बघत होते. ओरडले असते तर बरं!

दुपारी वीस मुळे सोलले, रश्श्यासाठी. स्वयंपाकाची पाळी तळाच्यांची, आणि वय पंचवीस असलं तरी मी तळाचा. मुळा सोलणं मला आवडतं. सालीची अखंड पट्टी काढायची, तुटू द्यायची नाही. आज चार वेळा तुटली. तालमीचं मांजर ती पट्टी घेऊन पळालं, मी त्याच्यामागे धावलो — म्हणजे तीन पावलं. मग भिंत धरून उभा.

४ जानेवारी

निशिगाकी डॉक्टरीणबाईंकडे. फोटो दिव्यासमोर लावला. डाव्या गुडघ्यात दोन हाडांमध्ये फट दिसते. उजव्यात नाही. हाडावर हाड.

"संधिवात," त्या म्हणाल्या.

"तो आजोबांना होतो!"

"हा गुडघा आजोबाच आहे. एकदा मोडला, बरा होण्याआधी तुम्ही लढायला गेलात. वर एकशे बेचाळीस किलो."

नडगीचं हाड कापून, तिरकं झालंय ते सरळ करायचं म्हणतात. सात-आठ महिने कुस्ती नाही. आत्ता केलं तर पुढे नीट चालता येईल. वर्षभर असंच आपटत राहिलो तर ह्या ऑपरेशनचा उपयोग नाही, आणि कृत्रिम गुडघा ह्या वयात कुणी बसवत नाही.

सात-आठ महिने! दर दोन महिन्यांनी सामने असतात. आम्हा खालच्यांच्या प्रत्येक वेळी सात कुस्त्या. सातातली एक लढलो — हरलो तरी — नाव कागदावर राहतं. एकही नाही लढलो की नाव गेलं. मग नवशिक्यांबरोबर, नाव नसलेल्यांत.

वर्षभर मी तेच करतोय. एक कुस्ती, एक हार, बाकी सहा गैरहजर.

येताना नदीवर बगळा बघत बसलो. जेवणाची वेळ चुकली. काकू — उस्तादांच्या बायको — म्हणाल्या, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मी म्हणालो, बगळा होता.

९ जानेवारी

बर्फ पडणार म्हणतात. तळाच्यांनी सुती किमोनो आणि लाकडी खडावा घालायच्या, थंडी असो नसो. उजवी खडाव एका बाजूनेच झिजलीय.

१२ जानेवारी

उद्या माझी एक कुस्ती. सकाळी साडेआठ. समोर हागियामा. बेचाळीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या.

दाइमोन दादाने माझ्या गुडघ्याला पट्टी बांधली. "सुरुवातीला एकदा उकिडवं बस. मग हर. हरणाऱ्याला नुसती मान लववून निघता येतं. जिंकलास तर पुन्हा उकिडवं बसावं लागेल, पंच नाव पुकारेपर्यंत. तुला ते जमायचं नाही."

"म्हणजे मुद्दाम हरू?"

"गाढवा, असं कोण म्हणालं? पंचांच्या डोळ्यांत येईल असं काही करू नकोस. तू आपला जोर लाव. तुझा जोर म्हणजे हारच!"

पुन्हा सगळे हसले. मीही.

१३ जानेवारी

जिंकलो.

कसा ते लिहितो. उकिडवं बसताना डोळ्यांपुढे काळं आलं. मग उठलो, मुठी टेकल्या, आणि अंगाने माझं ऐकलंच नाही! हागियामाच्या छातीला दोन्ही तळहात, डोकं त्याच्या हनुवटीखाली — तो मागे, मागे, रिंगणाबाहेर. पाच-सहा मोजेपर्यंत. दोन वर्षं विसरलो होतो हे कसं असतं. माणूस हातातून निघून जातो, आणि समोर जागाच जागा.

मग बसायचं होतं. बसलो. आत काहीतरी सुटलं, मला ऐकू आलं. पंचाने नाव पुकारलं. खुर्च्यांवर वीसेक माणसं असतील, एवढ्या सकाळी कोण येतंय. त्यांतली एक म्हातारी ओरडली, "शिओकाझेऽऽ!" कोण ती? मला कशी ओळखते?

जमिनीला हात टेकून उठलो.

बाहेर हागियामा खडावा घालत होता. म्हणाला, "ढकललंस तेव्हा वाटलं, बरा झालास."

"नाही हो."

"मग असं जिंकू नकोस रे. मी एकोणीस वर्षं असाच अधूनमधून जिंकत आलो. जिना उतरताना आता पाठमोरा उतरतो."

१४ जानेवारी

उठता येत नाही.

१७ जानेवारी

जिंकलो तेच वाईट झालं. हरलो असतो तर सोडता आलं असतं.

शाळा पंधराव्या वर्षी सोडली. मग माकुळी मासे पकडणारी बोट, एक हंगाम. सफरचंदं भरायचं काम, तिथून पळालो. छतांवरचं बर्फ काढलं, पडलो. चार वर्षांत कुठेही वर्षभर टिकलो नाही. इथे सहा वर्षं. इथूनही दोनदा पळालो होतो. दुसऱ्यांदा काकू स्टेशनवर आल्या, भाताचे गोळे घेऊन. खाऊन परत आलो.

३ फेब्रुवारी

उस्तादांनी बोलावलं. डॉक्टरीणबाईंचा फोन त्यांनाच आला होता.

"ऑपरेशन करून घे. २४ तारखेला भरती."

"आपण त्याच दिवशी सामन्यांना ओसाकाला —"

"आम्ही. तू नाही. मार्चचे सामने, मेचे, जुलैचे, सप्टेंबरचे, सगळे सोड. नाव जाईल. जाऊ दे."

"मग परत येऊ?"

त्यांनी हिटर बारीक केला. "ये," म्हणाले. "आलास तर."

११ फेब्रुवारी

आईला फोन केला. रडली, म्हणाली देव पावला. बाबा म्हणाले, "शेजारच्या गोदामात बसून करायचं काम आहे. विचारून ठेवू?" ठेवा म्हणालो.

हलकं वाटलं! खरंच. रस्त्यावर आलो आणि भाजलेलं रताळं खाल्लं. मग आणखी एक. रताळेवाल्याने गाडीवर तुतारी कशी बसवलीय ते त्याला विचारत उभा राहिलो तासभर.

२० फेब्रुवारी

पहाटे बाकीचे हौद्यात. मी कट्ट्यावर बसून. सत्तावीस पाय एकदम आपटतात — अठ्ठाविसावा माझा असायचा. कट्ट्याला हादरा जाणवतो.

सवयीने पट्टी बांधून बसलो होतो. उस्तादांनी पाहिलं. मी ती सोडली.

२३ फेब्रुवारी

पिशवी भरली. दोन पायजमे, दात घासायचा ब्रश, ही वही. काकूंनी भरतीचा कागद वरच्या खिशात ठेवला. "तिथे धुडगूस घालू नकोस. नर्सांना नमस्कार कर." दाइमोन दादाने पाठीत गुद्दा घातला, डोळे पुसत होता, म्हणतो कांदा.

सही केली मी. सगळीकडे.

२४ फेब्रुवारी

ओसाकाच्या गाडीत. दरवाजे लागेपर्यंत दाराजवळच्या बोळात लपलो, मग डब्यात शिरलो. उस्तादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. मी बसलो तसा दाइमोन दादा शेजारच्या जागेवरून उठला. म्हणाला, "पाय पसर." हॉस्पिटलात आत्ता माझं नाव पुकारत असतील.