दुसऱ्या मालकाच्या सहीबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग.

विषय : आमच्या सुतारकारखान्याच्या जागेवर चार मजले बांधण्याच्या प्रस्तावास जोडलेले जमीनमालकांचे संमतिपत्र रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) दोन्ही मालकांच्या सह्यांचे संमतिपत्र. २) त्यावरील स्वतःची सही खोटी असल्याची थोरल्या मालकांची हरकत. ३) त्या हरकतीवरून, दोन्ही कागद येत्या सोमवारी हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवण्याचा न्यायालयाचा आदेश.

महोदय,

मी सदर जागेचा धाकटा मालक. थोरले मालक माझे सख्खे बंधू. न्यायालयाच्या आदेशाने माझी पाचावर धारण बसली आहे, म्हणून हा अर्ज.

१. एकवीस वर्षांपूर्वी दादांच्या उजव्या हाताची चार बोटे करवतीच्या मशीनखाली गेली. ते पाते पुसत होते. मशीन मी चालू केले. त्या दिवसापासून त्यांच्या सह्या मी करतो. बँकेत, टपालाच्या पावतीवर, त्यांच्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा. ते शेजारी बसून "हं, कर" म्हणतात, मग मी करतो. त्याशिवाय कधी केली नव्हती.

२. बिल्डरचा माणूस संमतिपत्र घेऊन आला तेव्हा दादा वखारीत लाकूड पाहायला गेले होते. कागदावर पेन्सिलीच्या दोन फुल्या होत्या. पहिलीवर माझी सही केली आणि हात सवयीने दुसरीवर गेला. भानावर येईपर्यंत त्याने कागद पिशवीत घातलाही. दादांना जेवताना सांगू म्हटले. मग चहाच्या वेळी, मग रविवारी. असे चार महिने गेले.

३. आपली नोटीस दाराला लागली तेव्हा दादा कडाडले, "जिवंत असेपर्यंत ही जागा देणार नाही मी! कुणी केली रे माझी सही? खडी फोडायला पाठवतो त्याला. तू हरकत लिही." मी लिहिली. ते म्हणाले, "हं, कर." मी केली.

४. आता तज्ज्ञांना दोन्ही सह्या हुबेहूब जुळलेल्या दिसतील. म्हणजे संमती खरी ठरेल आणि कारखाना जाईल. गप्प बसलो तर दादांची जागा जाते, बोललो तर मी जातो. इकडे आड, तिकडे विहीर. कालपासून रंधा धरवत नाही.

५. सबब, दोन्ही सह्या माझ्या हातच्या असल्याचे मी कबूल करतो. संमतिपत्र रद्द व्हावे. तुरुंगाचे भय वाटते, खोटे कशाला बोलू? पण त्याहून मोठे भय हे, की यापुढे दादा मला "हं, कर" म्हणणार नाहीत.

६. आपल्या कारकुनांनी सांगितले की असा अर्ज दोन्ही मालकांच्या सहीचा लागतो. दादा समोरच चौकटीला पॉलिश करत आहेत. त्यांनी विचारले, "कसला कागद?" मी म्हटले, "त्याच प्रकरणाचा." मान वर न करता ते म्हणाले, "हं, कर."

उद्या त्यांना सोबत घेऊन येतो. अर्ज आपण त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, ही हात जोडून विनंती. माझ्याने ते होणार नाही.

आपला, अजून तरी मोकळा असलेला,
नम्र अर्जदार

धाकटा मालक : (सही)

थोरले मालक : ही जागा मी कोरी ठेवली आहे.

दि. १३, गुरुवार

सोबत : हरकतीची प्रत.