सरासरी एक पूर्णांक चार

सोमवार, ९ सप्टेंबर. सकाळी ६.१०

अध्यक्ष होऊन आज साठ दिवस. स्टर्जन खाडी पूल व वाहतूक प्राधिकरण. एक पूल, एकशे बारा बसगाड्या, तीन फेरीबोटी, पाच काउंटींचे सतरा संचालक आणि सगळ्यांच्या वर मी, लाइल हाउगेन. एका रंगाऱ्याचा मुलगा. बाबांनी हाच पूल चौतीस वर्षं दोरीला लटकून रंगवला. मी तो खुर्चीत बसून चालवतो. याला म्हणतात प्रगती.

संकल्प:
सभा एका तासात संपवायची. आधीचे अध्यक्ष चार-चार तास रवंथ करत बसायचे.
नव्या फेरीबोटीला माझं नाव. जिवंत माणसाचं नाव देता येत नाही असा नियम आहे. बघू.
दर रविवारी आईला भेटायचं. (गेल्या रविवारी गोल्फ. त्याच्या आधीही गोल्फ, पण तो कामाचा.)

शुक्रवार, १३ सप्टेंबर

सभा एक तास एकोणीस मिनिटांत. गुरुकिल्ली म्हणजे कन्सेंट यादी. किरकोळ विषय एका यादीत घालायचे आणि सगळे एका मतात, बिनचर्चा मंजूर करायचे. आज बेचाळीस विषय नऊ सेकंदांत. 'हरकत कुणाची? नाही. मंजूर.' हातोडा. यादी मीही वाचत नाही. वाचायची असती तर यादी कशाला केली असती?

विषय सतरा मात्र मला पाठ होता, कारण तो मीच घातला. ४१ नंबरची बस बंद, १ ऑक्टोबरपासून. आल्डर फ्लॅट्सहून पुलावरून कॅनरी पॉइंटला जाते. दर फेरीला प्रवासी सरासरी एक पूर्णांक चार. हे पॉइंट चार कोण, असं मी विचारलं तेव्हा सगळे हसले. आमची कार्यालयीन सचिव बर्नडीन तेवढी हसली नाही. तिला आकडे कळत नाहीत.

रविवार, १५ सप्टेंबर. दुपारी

बाबांचा फोन. स्टॉपवर कागद चिकटवलाय म्हणाले. मी म्हटलं, हो, मीच चिकटवायला सांगितला. ते म्हणाले, लाइल, ती माझी बस आहे.

आता हे मला माहीत नव्हतं असं नाही. आई कॅनरी पॉइंटच्या सीडर हाऊसमध्ये आहे, स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या घरात. दुपारचं जेवण ती फक्त बाबांच्या हातून खाते. नर्सने चमचा पुढे केला की ओठ मिटून घेते. बाबांना काचबिंदू, लायसन्स गेलं. वय त्र्याऐंशी. म्हणून रोज साडेअकराची ४१ नंबर. तीन वर्षं.

म्हणजे एक पूर्णांक चारमधले एक माझे वडील निघाले. नेमकं इथेच माणसाची कसोटी लागते. बापासाठी बस चालू ठेवली असती तर पेपरवाल्यांनी सालटी काढली असती. बाबांना हे समजावलं. ते म्हणाले, बरं. आमच्या बाबांना तत्त्वं लगेच कळतात.

टॅक्सी लावून देणार होतो. पण अध्यक्षाचा बाप बस सोडून टॅक्सीने हिंडतो, हे कुणी छापलं तर?

शुक्रवार, २७ सप्टेंबर

सभेला बाबा आले. जनतेला बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं असतात. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा, घंटी. बाबा माइकपाशी आले. जुना कोट, बटणं वरखाली लागलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डगमगलो नाही. नियमाप्रमाणे म्हटलं, नाव आणि गाव सांगा.

ते म्हणाले, ऑरिन हाउगेन. आल्डर फ्लॅट्स. नाव तर तुम्हाला माहीतच आहे, अध्यक्षसाहेब, तुमच्या पाटीवर अर्धं लिहिलंय. थोडे लोक हसले. मी हसलो नाही.

मग सुरू झाले, पण बोलायची सवय नाही. पहिली दोन मिनिटं रंगाबद्दलच. उत्तरेकडच्या खांबाला गंज कसा आधी लागतो वगैरे. पिवळा दिवा लागला तेव्हा कुठे आईवर आले. म्हणाले, ती मला ओळखते असं मी म्हणत नाही. पण बारा वाजले की दाराकडे बघते. मी बटाटा कुस्करून देतो. बाकी कुणाकडून घेत नाही. मी गेलो नाही तर ती—

लाल दिवा. घंटी. मी म्हटलं, आभारी आहे, वेळ संपली. उत्तरेकडच्या काउंटीच्या एक बाई संचालक म्हणाल्या, अहो, त्यांना वाक्य तरी पुरं करू द्या. मी म्हटलं, आज यांना दिलं तर उद्या सगळ्यांना द्यावं लागेल.

बाबा जाऊन बसले. नंतर कॉरिडॉरमध्ये मला तिघा संचालकांनी टाळलं. निःपक्षपातीपणा पचायला जड जातो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

४१ नंबर बंद. एकही तक्रार नाही. (तक्रारींचा फोनही आजपासून बंद आहे, तो योगायोग.)

संकल्प: सोमवार ते शुक्रवार बाबांना मी स्वतः गाडीतून नेणार. साडेअकरा म्हणजे साडेअकरा. फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, रोज? मी म्हटलं, रोज. ते म्हणाले, बरं.

बुधवार, २ ऑक्टोबर

जमलं नाही. नव्या बोटीच्या सीटचं कापड निवडायचं होतं. निळं की करडं. निर्णय झाला नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

गेलो. सीडर हाऊसला एक वाजता पोचलो. ताटं उचलून नेली होती. बाबा सव्वाअकरापासून कोट घालून घराच्या पायरीवर बसले होते म्हणे. आईने मला बघून विचारलं, तुम्ही गॅसवाले का? मी हो म्हटलं. वाद कशाला घालायचा.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डेंटिस्ट.

सोमवार, ७ ऑक्टोबर

करडं ठरलं. त्यात दुपार गेली. उद्यापासून नक्की.

बुधवार, ९ ऑक्टोबर

कमाल आहे. बाबा पायी निघाले. पुलावरून. दोन मैल, खाडीचा वारा, हातात डब्याची पिशवी.

मधल्या खांबापाशी आमच्या गस्तीने अडवलं. एकटा, म्हातारा, कठड्याशी थांबून खाली बघणारा माणूस दिसला की अडवायचंच, असा नियम आहे. गस्तीवाल्याने कार्डावरचे प्रश्न विचारले. जिवाचं बरंवाईट करायचा विचार आहे का? बाबा म्हणाले, नाही, बायकोला जेवायला घालायचा विचार आहे. कुठे राहते? तिथे, समोर. मग खाली काय बघत होतात? तर म्हणे, पापुद्रे सुटलेत, कुणी नीट खरवडून रंग लावलेला नाही.

गस्तीवाल्याला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. त्याने नियमाप्रमाणे गाडीत घालून निघाले होते तिथे, दक्षिणेच्या टोकाला आणून सोडलं. अर्धा पूल ओलांडून झाला होता.

बाबांना फोन करून झापलं. या वयात हे नसते उद्योग कशाला? ते म्हणाले, तू येणार होतास.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सभा एक तास सात मिनिटं. अध्यक्षांच्या निवेदनात सांगितलं, आपल्या गस्तीने या आठवड्यात एक जीव वाचवला. टाळ्या. नाव सांगितलं नाही, खाजगी बाब आहे.

बुधवार, १६ ऑक्टोबर

सीडर हाऊसचा फोन. आईचं वजन अकरा पौंडांनी उतरलं. मी म्हटलं, लेखी पाठवा.

एक गंभीर बाब कळली. ४१ नंबरची जुनी ड्रायव्हर नेनिता तिच्या सुटीच्या दिवशी, बुधवारी आणि रविवारी, बाबांना स्वतःच्या गाडीतून सीडर हाऊसला नेते. आणि आई म्हणे तिच्याही हातून दोन घास खाते. आहे की नाही? आमच्याच पगारावरची बाई आम्हीच बंद केलेला मार्ग चालवते! आज हिने गाडी काढली, उद्या सगळे काढतील. कर्मचाऱ्यांनी प्रवासी वाहू नयेत अशी नोटीस बर्नडीनला टाइप करायला सांगितली. चार ओळींना तिने पाऊण तास लावला. वर विचारते, सही तुम्हीच करणार ना? म्हटलं, मग काय तू करणार?

गुरुवार, २४ ऑक्टोबर

नेनिताने बाबांना नेणं थांबवलं. दोन पोरांची आई आहे, नोकरी घालवून कसं चालेल. शिस्त लागते, लावणारा हवा.

बोटीच्या नावासाठी लोकांचं मत घेतलं. माझं नाव यादीत पहिलं घातलं होतं. निकाल: लाइल हाउगेन, एकोणीस मतं. 'सबमरीन', तीन हजार एकशे बारा. फेरीबोटीला! लोकशाहीत गाढवं फार. तरी एकोणीस जण कोण, ते शोधायला हवं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

बोट मंगळवारी पाण्यात. डोकं शांत हवं. बर्नडीनला सांगितलं, समारंभ होईपर्यंत घरगुती फोन माझ्यापर्यंत आणायचे नाहीत. निरोप गुलाबी चिठ्ठीवर लिहायचा आणि फोल्डरमध्ये ठेवायचा. तिने विचारलं, वडिलांचेही? म्हटलं, त्यांचेच तर असतात.

संकल्प: बोट झाली की आईकडे रोज. रोज नाही जमलं तर एक दिवसाआड.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. रात्री

'सबमरीन' पाण्यात गेली. बाटली चार वेळा आपटली, फुटली नाही. पाचव्यांदा फुटली ती माझ्या हातात. ओहोटी होती आणि उतरायची फळी दोन फूट तोकडी निघाली. पाच काउंटींची बडी मंडळी पावणेतीन तास बोटीवर अडकली. बँडने येतील ती सगळी गाणी तीनदा वाजवली. फळीचं माप कन्सेंट यादीत मंजूर झालं होतं, विषय एकतीस. वाचणं हे ज्याचं त्याचं काम आहे.

फोल्डर जाड झालंय. शुक्रवारच्या सभेनंतर बघू.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. सकाळी ८.४०

ऑफिसात शिरलो तर टेबलावर कुणी घरून भाजून आणलेलं टूना मासळीचं कॅसेरोल. झाकणावर उत्तरेकडच्या बाई संचालकांची चिठ्ठी, 'आम्ही सोबत आहोत.' म्हणजे फळीचं प्रकरण त्या विसरल्या. अर्धं खाल्लं. मीठ जास्त.

नाराज मंडळीही आज निवळलेली दिसतात. दारवानाने टोपी काढली. खजिनदाराने खांदा दाबला. बर्नडीन म्हणाली, आज सभा दुसऱ्या कुणाला चालवू दिली तरी चालेल. मी म्हटलं, अगं, एक फळी तोकडी पडली म्हणून मी तोंड लपवू? ती माझ्याकडे बघतच राहिली.

आज एका तासाच्या आत. नक्की.

तोच दिवस. संध्याकाळी

अठ्ठावन्न मिनिटं.

लिहून ठेवतो. सभा कुणा ना कुणा मेलेल्याच्या नावाने तहकूब करायची, अशी आमच्याकडे रीत आहे. जुने कर्मचारी, त्यांच्या घरची माणसं. बर्नडीन कार्ड पुढे ठेवते, मी वाचतो. आज ठेवताना तिने त्यावर हात तसाच ठेवला होता. मी कार्ड ओढून घेतलं, सत्तावन्नावं मिनिट चालू होतं.

एका दमात वाचलं. आजची सभा श्रीमती अडेल मारीट हाउगेन, निवृत्त रंगारी ऑरिन हाउगेन यांच्या पत्नी, यांच्या स्मरणार्थ तहकूब करण्यात येत आहे, हरकत कुणाची, नाही, मंजूर. हातोडा.

सगळे उभे राहिले. मी घड्याळ बघत होतो. मग कार्ड पुन्हा बघितलं.

फोल्डरमध्ये गुलाबी चिठ्ठ्या अकरा. शनिवार, आई पाणीही घेत नाही. रविवार, ये. रविवार, लवकर ये. सोमवार सकाळी, गेली. बाकीच्या अंत्यविधीच्या, गुरुवार, दुपारी दोन. म्हणजे काल. काल दोन वाजता मी तोकड्या फळीच्या चौकशी समितीत होतो. बर्नडीन म्हणाली, मला वाटलं तुम्ही वाचल्या असतील, कुणी वाचणार नाही असं कसं वाटेल. ती रडत होती. मला तिला काहीतरी बोलायचं होतं, पण चूक तिची कुठे निघेना.

बाबांना फोन लावला. म्हटलं, मला कळलंच नाही. ते म्हणाले, हो. बर्नडीन आली होती काल, आणि नेनिता. नेनिताने सुटी काढली. आणखी दोघे रंगारी होते, जिवंत आहेत तेवढे.

मी म्हटलं, बाबा, मला फार वाईट वाटतंय. आणि वाटतंय, खरंच. छातीत काहीतरी अडकलंय, ते कॅसेरोल नाही. ते म्हणाले, हं.

विचारलं, शेवटी काही बोलली का? माझ्याबद्दल?

म्हणाले, तुझ्याबद्दल नाही. मागचा महिनाभर बारा वाजले की नर्सला विचारायची, बस आली का. रोज. नर्सने सांगितलं मला.

काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी सांगायला लागलो, की आकडे तीन वर्षांचे काढले होते, हिवाळा-उन्हाळा धरून, आणि सरासरी एक पूर्णांक चारच येत होती, दुसरा कुणी अध्यक्ष असता तरी त्याने तेच केलं असतं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, झालं तुझं? आणि फोन ठेवला.