पेठ रोडची शेड रूपालीच्या नावे

मी, लंकाबाई गोरक्ष बोडके, वय ६६, राहणार पेठ रोड, पंचवटी, नाशिक, कुणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. डावा कान गेला, गुडघे गेले. डोकं शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे.

१. पेठ रोडवरची गाड्यांच्या डेंटिंगची शेड आणि तिच्यामागच्या दोन खोल्या माझ्या एकटीच्या मालकीच्या आहेत. आमचे मालक कै. गोरक्ष यांनी जागा घेतली ती माझ्याच नावावर, कारण काम दोघांचं होतं. ॲल्युमिनियमच्या बॉडीचा पोचा काढायला दोन माणसं लागतात. ते बाहेरून लाकडी हातोडी मारायचे आणि मी गाडीच्या आत आडवी होऊन पत्र्याला मागून ठोकळा लावून धरायची. त्या ठणठणाटात कान गेला. पाटीवर मात्र ‘बोडके बंधू’! यातले बंधू म्हणजे माझे दीर नाथाभाऊजी. ते ठोकळा धरायला एकदाही आत शिरले नाहीत.

२. ही शेड व खोल्या माझ्या पश्चात माझी सून रूपाली जीवन बोडके हिच्या एकटीच्या मालकीच्या होतील. माझा मुलगा जीवन २००३ साली काविळीनं गेला. त्याचं दिवसकार्य उरकलं आणि रूपालीनं पदर खोचून त्याची हातोडी उचलली. लोखंडाची सवय असलेले कारागीर ॲल्युमिनियम तापून लाल व्हायची वाट बघतात. ते लाल होतच नाही, एकदम वितळून भोक पडतं. रूपाली पत्र्याला साबण चोळते, गॅसच्या बत्तीनं तापवते आणि साबण काळा पडला की हात आवरते. हे तिला जीवननं हौसेनं शिकवलं होतं. आज गिऱ्हाईक तिचं नाव विचारत येतं.

३. तिनं दुसरं लग्न केलं तरी वरच्या कलमात काडीचा फरक पडणार नाही. हे मी मुद्दाम लिहिते. आमच्याकडे रंगकाम करणारे जयराम गावित, मूळचे सुरगाण्याचे, यांनी तिला रीतसर मागणी घातली आहे. माझे गुडघे गेल्यापासून आतून ठोकळा तेच धरतात. मी बाजेवर बसून बघते, मला काय कळत नाही? मीच तिला विचारलं. ती म्हणाली, “आई, मला ते पसंत आहेत. पण लग्न केलं तर नाथाकाका शेडला कुलूप लावतील. मग तुम्हाला घेऊन मी जाऊ कुठं?” मला रडू आवरलं नाही. स्वतःचं सोडून पोरगी माझी काळजी करत होती.

नाथाभाऊजी चारचौघांत बोलून बसले आहेत, “दुसऱ्या जातीत गेली की तिचा बोडक्यांशी संबंध संपला.” अहो भाऊजी, जीवनच्या उशाशी रात्रंदिवस कोण बसलं होतं? संबंध तिनं राखला, तो तोडणारे तुम्ही कोण?

४. ॲल्युमिनियमच्या कामाच्या हातोड्या, ठोकळे आणि ठोकताना पत्र्याखाली घ्यायची वाळूची पिशवी रूपालीला. लोखंडी कामाचं सगळं सामान भाऊजींना. दोन्ही पेट्या एकत्र ठेवू नयेत. १९९६ साली भाऊजींनी आमच्या हातोडीनं लोखंडी मडगार्ड बडवलं. लोखंडाचा कीस तिला चिकटला, तीच हातोडी मग ॲल्युमिनियमवर चालली आणि घोटीच्या एका गिऱ्हाइकाच्या बॉनेटला रंगाखालून फोड आले. “त्यानं काय होतंय?” म्हणाले होते. हे असं होतं!

५. माझी सोन्याची पोत मोडून रूपालीचं मंगळसूत्र करावं. विधवेचं सोनं म्हणून कुणी नाक मुरडलं, तर त्याला लग्नाच्या जेवणाला बोलावू नये.

६. जयरामांना साक्षीदार करू नका, उद्या कुणी हरकत घेईल, असं वकील म्हणाले. हरकत घेणारे एकच आहेत, म्हणून सही त्यांचीच मागते. भाऊजींना हे सगळं वाचून दाखवावं आणि मगच सही घ्यावी. त्यांनी नकार दिला तर वकिलांनी सही करावी. कागद पुरा होईल, माझं मन भरणार नाही. जीवनला खांद्यावर बसवून त्र्यंबकच्या यात्रेला नेणारे काका तेच आहेत. ते मी विसरलेले नाही.

वरील सर्व मी माझ्या हातानं लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि ते मला मान्य आहे.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १४ नोव्हेंबर २००७

(सही) लंकाबाई गोरक्ष बोडके

साक्षीदार १ : (सही) डॉ. आभा देवव्रत गायधनी

साक्षीदार २ : (सही) नाथा भिमाजी बोडके
वहिनी, वाचून घेतलं. मडगार्डाचं खोटं आहे. बाकी कबूल. पोरीला वडील नाहीत, कन्यादानाला आम्ही जोडीनं बसू.