घाम वाळेपर्यंत

माय, आज लातूरहून ड्युटी संपवून औशाला निघाले आणि घर यायच्या आधीच, मधल्या एका फाट्यावर एसटीतून उतरले. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. वॉर्डात सकाळपासून कुणी ना कुणी अंगावर ओरडत होतं, सलाईनची सुई दोनदा टोचावी लागली, आणि बसमध्ये शेजारचा माणूस फोनवर मोठमोठ्याने बोलत होता. तीस वर्षं नर्स म्हणून काढली, आता माणसांचा आवाजच नकोसा झालाय. सोयाबीन निघालेल्या एका रानाच्या बांधावर, बाभळीखाली बसले. डबा उघडला आणि हात थांबला, कारण पाठ घामाने चिंब होती आणि तू आठवलीस.

भोकरच्या बाजूचं ते कापसाचं रान. मी बारा वर्षांची, शाळेला सुट्टी लागली म्हणून तुझ्याबरोबर खुरपायला आलेली. दुपारी सगळ्या बाया लगेच भाकर सोडतात, तू मात्र ओढ्याकाठच्या करंजाखाली जाऊन नुसती बसतेस. कुणाशी बोलत नाहीस. मला भुकेने काही सुचत नाही, मी गाठोड्याला हात लावते, तर तू हात बाजूला करतेस. "घाम वाळू दे आधी. दिसभर दुसऱ्याचं करायलोत, एवढा येळ आपला हाय." मला ते कळत नाही. मला तुझी लाज वाटते.

त्या करंजासाठी तुला ते रान फार आवडायचं. पण पुढच्या हंगामात मालकिणीने तुला बोलावलंच नाही, बसून राहते म्हणून. नव्या रानात सावलीला झुडूपही नव्हतं. तू डोक्यावर पदर घेऊन उन्हातच बसायचीस, तेवढाच वेळ. चुगली शेजारच्या मावशीने केली असं तू धरून चाललीस आणि तिच्याशी बोलणं टाकलंस. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा ती भेटायला आली. "म्या न्हाई गं सांगितलं," म्हणाली. तू भिंतीकडे तोंड केलंस. मी तुझं औषध हातात घेऊन तिथेच उभी होते.

सांगितलं मी होतं, माय. पोरगी लई कामाची हाय, असं मालकीण म्हणाली आणि मी हुरळून गेले. माझी माय तर नुसती बसून ऱ्हाती, असं बोलून गेले. आता मावशीही गेली.

आज घाम वाळायला बराच वेळ लागला. एक टिटवी ढेकळांतून पळत होती, थांबत होती, पुन्हा पळत होती. तिला माझ्याकडून काहीच नको होतं. वॉर्ड डोक्यातून गेला नाही, पण जरा लांब जाऊन बसला. मग भाकर खाल्ली, गार झालेली, आणि गोड लागली. शाळेसाठी, नोकरीसाठी मी किती जणांचे आभार मानले. हे बसणं तू दिलंस, त्याबद्दल तुला कधी एक शब्द बोलले नाही. तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं मीच वाचून दाखवायचे, आणि त्यात काही वाईट असलं की गुपचूप गाळायचे. हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं. मालकिणीचं ते सगळं मी आजही गाळलं असतं.