एकतीस वर्षांची कॉफी आणि धडा चौथा

ती. ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त उभ्यानेच घातला, गोड मानून घे). तुझा उजवा गुडघा कसा आहे? डाव्याने अजून त्याची नक्कल सुरू केली नसावी. भावजींना नमस्कार सांग आणि त्यांचा नवा चष्मा घसरत असेल तर मी आल्यावर दांड्या वाकवून देईन, त्यांनी स्वतः पक्कड घेऊन बसू नये (मागच्या वेळी काय झालं ते आपल्या तिघांना माहीत आहे). इकडे आम्ही उभयता मजेत आहोत, असं मी गेल्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत समजत होतो.

तुझ्या लाडक्या भाच्याने कोरियन मुलीशी लग्न ठरवलंय हे तुला ठाऊकच आहे. तिचे आईवडील पुढच्या महिन्यात आमच्याकडे आठ दिवस राहायला येणार. आठ दिवस विहीणबाईंकडे पाहून नुसतं हसत राहिलो तर जबडा निखळेल, म्हणून मी आणि तुझी भावजय कोरियनच्या शिकवणीला जातो. शिकवणी एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत भरते. खालच्या इस्त्र्यांमुळे जमीन कायम कोमट असते आणि खिडकीतून वाफ येते. वर्गात कोरियन मालिका पाहून आधीच सगळं येणाऱ्या चार कॉलेजच्या मुली आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत (यांना दिवसभर समोरचा माणूस उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे संभाषणाची हौस दांडगी) आणि आम्ही दोघं.

पहिले तीन धडे सुखाचे गेले. नाव काय, काम काय, आज ऊन आहे. चौथा धडा आवडीनिवडींचा. 'चोआहेयो' म्हणजे आवडतं आणि 'शिरोहेयो' म्हणजे आवडत नाही. आधी वस्तूचं नाव घ्यायचं, मग यातला एक शब्द जोडायचा, झालं वाक्य. इतकं सोपं हत्यार कुणाच्याही हाती देऊ नये असं माझं आता मत झालंय. शिकवणाऱ्या बाईंचा नियम असा, की जोड्या पाडायच्या, वर्गात मराठी बोलायचं नाही, एकाने फक्त खरं तेच सांगायचं आणि दुसऱ्याने मधे न बोलता लिहून घ्यायचं. मी वही विसरलो होतो. म्हणून खिशातून चष्म्याच्या दुकानातलं नंबर लिहायचं पॅड काढलं. उजव्या डोळ्याच्या रकान्यात आवडी, डाव्या डोळ्याच्या रकान्यात नावडी.

आता या विषयात मला कुणी शिकवावं, हेच मुळात मला हास्यास्पद वाटत होतं. गेली चौतीस वर्षं मी दिवसातून चाळीस माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवून एकच प्रश्न विचारतोय, "हे भिंग बरं, की हे?" माणसाला काय बरं वाटतं ते काढून घेण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती. तुझी भावजय मात्र वाचनालयात नोकरीला. 'शांतता राखा' या पाटीखाली तिची सत्तावीस वर्षं गेली. मला वाटलं, हिची दोन वाक्यं होतील आणि उरलेला वेळ मी बोलेन.

तिने पुस्तकांपासून सुरुवात केली. पुस्तकं चोआहेयो. खिडकी चोआहेयो. पाऊस चोआहेयो. मी कौतुकाने उजवा रकाना भरत होतो. मग तिने माझ्याकडे बघत, अगदी स्वच्छ उच्चारात सांगितलं, "खॉपी शिरोहेयो." (खॉपी म्हणजे त्यांची कॉफी.) मी हळूच तिची चूक दुरुस्त करायला गेलो. बाई म्हणाल्या, वाक्य बरोबर आहे, तुम्ही मधे बोलू नका.

ताई, एकतीस वर्षं रोज सकाळी मी स्वतः उठून कॉफी करतो आणि हिच्या उशाशी नेऊन ठेवतो. मी चारचौघांत सांगत आलोय की आमच्या संसाराचं गुपित त्या कपात आहे. गुपित होतं, यात शंका नाही.

पुढे तर तिला तोंडच फुटलं. घराचा हिरवा रंग, शिरोहेयो (दोनदा मीच निवडलेला). माझं दाढी करताना शिट्टी वाजवणं, शिरोहेयो. माझा चौकटीचा शर्ट, शिरोहेयो. मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो ते, शिरोहेयो. तिला शब्द कमी पडले तेव्हा त्या चारही मुली मोबाईलमध्ये शोधून तिला शब्द पुरवू लागल्या. दातांच्या डॉक्टरांनी स्वतःची जोडी सोडून खुर्ची आमच्याकडे वळवली. डावा रकाना संपला, मी कागद उलटला. माझी पाळी आली तेव्हा मला फक्त "सफरचंद चोआहेयो" आठवलं. सफरचंद मला विशेष आवडतही नाही.

घरी येताना जिन्यातच विचारलं, की बाई गं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत? आणि मराठीत म्हटलं की भांडण होतं. कोरियनमध्ये नुसता गृहपाठ होतो." मी शेवटी धीर करून विचारलं, "आणि नवरा?" तर शांतपणे पायऱ्या उतरत म्हणाली, "तो शब्द पाचव्या धड्यात आहे. पुढच्या मंगळवारी."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाला विचारलं, हे बरं की हे? तो म्हणाला, दोन्ही सारखंच वाटतंय. मला गलबलून आलं. आज सकाळी एका हातात कॉफी आणि एका हातात चहा घेऊन हिच्यासमोर उभा राहिलो आणि दुकानातल्या आवाजात तोच प्रश्न केला. तिने क्षणाचाही विलंब न लावता चहा उचलला. इतकं सोपं होतं, ताई. मला पुढच्या मंगळवारची भीती वाटतेय, खरंच.

तुझा,
डाव्या रकान्यातला धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. घर घेतलं तेव्हा तू दिलेलं, दर तासाला लाकडी चिमणी बाहेर येऊन ओरडणारं घड्याळ. कागदाच्या मागच्या बाजूला पहिल्याच ओळीत आहे. तू कृपा करून फोन कर आणि म्हण, की तुला त्याची फार आठवण येते आणि ते परत हवंय. बांधून तयार ठेवलंय. (तू स्वतः उजव्या रकान्यात आहेस, काळजी नसावी. फक्त चिमणी डाव्यात.)

ता. क. दुसरा (चार दिवसांनी, पत्र अजून घरातच आहे). खिडकीतली कुंडी, जिच्याबद्दल मी तुला नेहमी फुशारकीने सांगायचो, ती हिची कॉफी बंद झाल्यापासून मान टाकू लागली. तेव्हा एकतीस वर्षांची कॉफी कुठे जात होती तेही कळलं. आता सकाळी चहा हिला आणि कॉफी कुंडीला.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलंच आणि मंगळवारही होऊन गेला. पाचवा धडा झाला. आधी बाईंनी 'चोगुम' हा शब्द शिकवला, म्हणजे 'थोडं'. मग तुझी भावजय उभी राहिली, घसा साफ केला आणि म्हणाली, "नाम्प्यॉन चोगुम चोआहेयो." नवरा थोडा आवडतो. दातांच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर सहानुभूतीने हात ठेवला. त्या भल्या माणसाला काय कळणार? त्या वर्गात फक्त खरं बोलायचा नियम आहे, ताई, आणि हे मला एकतीस वर्षांत कुठल्याही भाषेत कुणी सांगितलं नव्हतं. मी ते उजव्या रकान्यात लिहून घेतलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली आहे. घड्याळाचं तेवढं विसरू नकोस.