खालची पट्टी

सर, आज मी त्या माहितीपत्रकावरची तुमची सही काढून टाकली. रागावाल, माहीत आहे. आधी ऐकून तरी घ्या.

रबाळ्याच्या लॅबमधलं आपलं काम अजून तेच आहे. माणसाच्या शरीरातली सेलेनियमवाली प्रथिनं जिवाणूंकडून बनवून घ्यायची आणि संशोधकांना प्रयोगासाठी पाठवायची. जिवाणूही तसेच हट्टी. सेलेनियम बसवायची जागा आली की त्यांना ती 'इथे थांब' अशी खूण वाटते, आणि पुष्कळदा काम तिथेच सोडून देतात. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मग दोन पट्ट्या दिसतात, वर पूर्ण प्रथिनाची आणि खाली अर्धवटाची. नोकरीला लागून महिना झाला नव्हता तेव्हा मी ती खालची पट्टी कापून फोटो तुमच्यापुढे धरला होता. छान दिसावा म्हणून, बाकी काही नाही. तुम्ही पॅन्ट्रीत चहासाठी आलं किसत होतात. "काय गं, लग्नाचा अल्बम आहे का हा? खालचं कुठे गेलं?" मी म्हणाले, "सर, ते खराब दिसत होतं." "मग दिसू दे ना! ज्याच्या हातात जाणार त्याला कळायला नको?" सगळ्यांसमोर बोललात. मी रडले. थोड्या वेळाने तुम्ही चहाचा कप माझ्या टेबलावर आणून ठेवलात. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरा मानूस हाय तो, तोंडावर तरी बोलला."

मग ते मोठं प्रथिन. तीन वर्षं तुम्ही त्याच्यामागे होतात आणि ते काही केल्या पूर्ण होत नव्हतं. केमो सुरू झाल्यावरही टोपी घालून यायचात, जिना चढताना दोनदा बसायचात. त्या दिवशी बाहेरच्या खुर्चीवरूनच विचारता, "आलं का गं?" आलं होतं, सर. वरची पट्टी इतकी ठळक कधीच आली नव्हती. पण खालचीही जवळजवळ तेवढीच होती. मी दोन मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसते, फोटो कापते आणि तुमच्या हातात देते. तुम्ही बघत राहता. खालचं कुठे गेलं, हे या वेळी तुम्ही विचारत नाही. तो फोटो छापायच्या माहितीपत्रकावर सही करता. तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

तेव्हापासून प्रत्येक मालासोबत त्या माहितीपत्रकावर तोच फोटो जात राहिला. बनवायची पद्धत तीच, त्यामुळे खालची पट्टीही तीच. गेल्या आठवड्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचा फोन आला. "मॅडम, चार महिने एकच प्रयोग करतेय. तुमच्या फोटोत एकच पट्टी आहे, माझ्याकडे दोन येतात. गाईड म्हणतात, माझाच हात वाईट आहे." बोलता बोलता रडायला लागली. मी म्हटलं, "नाही गं बाई, तुझा हात चांगला आहे. फोटो कापलेला आहे."

मॅनेजर म्हणाला, "छपाईची चूक झाली म्हणा ना, कशाला टेन्शन घेता?" मी ऐकलं नाही. ज्यांना ज्यांना माल गेला त्या सगळ्यांना पूर्ण फोटो पाठवला. कापला तो मी, सरांना ठाऊक नव्हतं, असं स्पष्ट लिहिलं आणि खाली माझी सही केली.

तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं ना, सर? मला अजून कळत नाही.

काल ऐरोलीला तुमच्या घरी काकूंकडे गेले होते, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. स्वयंपाकघरात फ्रीजवर, भाजीच्या यादीशेजारी, तुम्ही घरी नेलेला तो कापलेला फोटो अजून चिकटवलेला आहे. काकूंनी चहा गाळता गाळता त्याच्याकडे बघितलं. "शेवटी जमलं हं त्यांना," म्हणाल्या. मी "हो काकू" म्हटलं. पूर्ण फोटो पर्समध्येच राहिला, आणि तो मी त्यांना कधी दाखवीन असं वाटत नाही.

तुमचा पत्ता म्हणजे काकूंचाच पत्ता. म्हणून हे पत्रही पोस्टात टाकत नाही.