शिक्का पसरलेलं पाकीट

विश्रांतवाडी, पुणे
मंगळवार, २ डिसेंबर

प्रिय मैत्री,

सप्रेम जयभीम. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. मागच्या मंगळवारी तू फोनवर विचारलंस, आबा, पाकीट कुरिअरला दिलंत का, आणि मी हो म्हणालो. त्याच दिवशी हे लिहायला हवं होतं. पण मला पेन हातात धरलं की घाम येतो. सातवी नापास माणसाचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. फोनवर मला धड बोलता येत नाही. तू तिकडून हॅलो हॅलो करतेस आणि मी काय सांगणार होतो तेच विसरतो. शेजारची दीपाली या कागदांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवणार आहे. तिला बजावलंय, वाचायचं नाही. म्हणजे ती वाचणारच.

इकडे सगळे बरे आहेत. आनंदची या आठवड्यात दुसरी पाळी आहे, त्यामुळे तुझा बाप मला फक्त झोपलेला दिसतो. तुझी आजी शुक्रवारी विहारातल्या बायकांबरोबर दादरला निघणार, सहा तारखेसाठी. दोन दिवस चपात्या, चटणी आणि गुडघ्याचं तेल यांचीच चर्चा चालू आहे. हैदराबादला तुझ्या खोलीत पाणी दोन्ही वेळ येतं का? लॅबमध्ये मातीचे नमुने तपासून हात धुतेस ना नीट?

परवा दीपालीने मोबाइलवर मला तू शिकायला अर्ज केलास तो कॅनडा दाखवला. बोटाने सरकवत सरकवत नेलं, मध्ये किती समुद्र गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात प्रश्नच प्रश्न आहेत. तिथे पाच-सहा महिने जमीन बर्फाखाली असते म्हणे. मग मातीचा अभ्यास करायला माणसं तिथेच का जातात? माती आधी खणून घरात आणून ठेवतात की काय? आणि तू चांगली आहेस हे सांगायला त्यांना तीन माणसांची पत्रं लागतात, वर तू स्वतःच स्वतःबद्दल दोन पानं लिहायची. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हासुद्धा एवढी चौकशी करत नाहीत. तू त्या दोन पानांत काय लिहिलंस? आमचं काही लिहिलंस का? सहज विचारतो.

सगळ्यात जास्त कुतूहल मला त्या बंद पाकिटाचं. तुझ्या तीन वर्षांच्या गुणांचा कागद कॉलेजने पाकिटात घालायचा, तोंड चिकटवायचं, जोडावर अर्धा इकडे अर्धा तिकडे असा शिक्का मारायचा, वर सही, आणि ते तसंच पंधरा डिसेंबरच्या आत तिथे पोचायचं. उघडलेलं दिसलं तर तुझा अर्ज बाद. मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टपालाचा शिपाई होतो, बंद पाकिटं मला नवी नाहीत. पण एक मुलगी समुद्रापलीकडे जाणार की नाही हे बोटभर डिंकावर ठरतं, हे पहिल्यांदाच पाहिलं. तिथेही कोणी टपाल घेणारा असेलच. तो पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून बघत असेल का? मी बघायचो.

वीस नोव्हेंबरला मी हडपसरला तुझ्या कॉलेजात गेलो, हे तुला सांगितलंच आहे. बाकीचं सांगितलं नाही. तिथले क्लार्क ज्ञानदेव म्हणून आहेत. चष्मा कपाळावर आणि नजर खाली कागदात. मी तुझं अधिकारपत्र दिलं, माझं आधार कार्ड दिलं, त्यांनी दोन्ही वाचलं आणि म्हणाले, नागोराव, जपून न्या, हे पाकीट आहे, पेढ्यांचा पुडा नाही, वाटेत उघडून बघायचं नाही. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, साहेब, माझा जन्म गेला पाकिटं नेण्यात. ते म्हणाले, म्हणूनच सांगतो.

बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. पाकीट शर्टाच्या आत छातीशी धरलं होतं. पुणे स्टेशनपर्यंत सगळं ठीक होतं. मग मनात किडा वळवळायला लागला. आत काय लिहिलं असेल? गुणच असतील, की आणखी काही? एखादा शेरा? सही करणाऱ्याचा तुझ्यावर राग असला तर?

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या बापालाही नीट माहीत नाही. तो चार वर्षांचा असेल तेव्हाची. आमच्या साहेबांनी एका सकाळी मला एक बंद पाकीट दिलं आणि म्हणाले, वरच्या ऑफिसात हातोहात दे. मी सायकल हाणत गेलो. वाटेत चहासुद्धा घेतला नाही. तिथे पाकीट दिलं, वहीवर सही घेतली, आणि तिथल्या बाईंनी ते उघडून वाचता वाचता माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या शर्टाला काहीतरी लागलंय. आठ दिवसांनी कळलं, त्यात माझ्याविरुद्धचा अहवाल होता. एक फाइल हरवली होती, ती माझ्या नावावर टाकली होती. चार महिने मी निलंबित होतो. पुढे फाइल साहेबांच्याच कपाटात सापडली, मला परत घेतलं, सगळं मिटलं. पण माझ्या मनातून एक गोष्ट गेली नाही, की माझ्याविरुद्धचा कागद मी स्वतः, धापा टाकत, वेळेच्या आधी नेऊन दिला. तेव्हापासून बंद पाकीट हातात आलं की मला वाटतं, यातही आपल्याच विरुद्ध काही असेल. नोकरीत हजारो नेली, एकही उघडलं नाही. नोकरी होती ना.

हे मात्र उघडलं, मैत्री.

दुपारी आजी झोपली होती. मी चहाचं आधण ठेवलं आणि वाफेवर पाकिटाचं तोंड धरलं. ऑफिसात कोणीतरी असं करताना पाहिलं होतं. डिंक सुटला, पण शिक्क्याची जांभळी शाई ओल धरून पसरली. सही अशी फुगली, जशी पाण्यात पडलेली मुंगी. मी आतला कागद काढला. इंग्रजी मला फार येत नाही, पण अक्षरं आणि आकडे कळतात. शेरा कुठेच नव्हता. सगळे चांगले गुण होते. मग दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी परीक्षेत एका ओळीला गुणांच्या जागी दोनच अक्षरं दिसली. ती मी ओळखली. आमच्या हजेरीपटावर न आलेल्या माणसापुढे तीच लिहायचे. गैरहजर. पुढे दुसऱ्या तारखेला तो पेपर तू पुन्हा दिलेला.

नोव्हेंबर दोन हजार बावीस. मी कपाटातून दवाखान्याची फाइल काढून तारीख जुळवली. माझं हर्नियाचं ऑपरेशन चिघळलं होतं, मी अकरा दिवस आत होतो, आनंदला सुट्टी मिळत नव्हती, आजीला जिना चढवत नव्हता. तू उशाशी पुस्तक घेऊन बसायचीस. मी विचारलं, तुझी परीक्षा? तू म्हणालीस, आबा, पेपर पुढे ढकललेत. आणि मी खुळा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होतो की विद्यापीठ बघा कसं माणुसकीने वागतं. त्याने मान डोलावली होती. त्याला बहुतेक कळलं होतं.

तो कागद हातात घेऊन मी किती वेळ ओट्याशी उभा होतो कोण जाणे. आधणातलं पाणी आटलं, पातेलं काळं पडलं. आजी उठून आली आणि म्हणाली, चहा केलाय की पातेलं भाजलंय? मी कागद बनियनच्या आत घातला. मग आजी वळल्यावर तो परत पाकिटात सरकवला आणि कणकेची खळ करून पाकीट चिकटवलं. वाळल्यावर ते पापडासारखं वाकडं झालं. विश्रांतवाडी चौकातल्या कुरिअरवाल्याकडे मी तीनदा गेलो. दोनदा रांगेतूनच परत आलो. तिसऱ्यांदा त्याने पाकीट हातात घेतलं, शिक्क्याकडे पाहिलं, म्हणाला, काका, हे पावसात पडलं होतं का? आता नोव्हेंबरात पाऊस कुठून सांगू? मी पाकीट काढून घेतलं. आणि त्याच दिवशी तुझा फोन आला आणि मी हो म्हणालो. तू पावतीचा नंबर मागितलास तेव्हा सापडत नाही म्हणालो, तेही खोटंच. पावतीच नव्हती.

काल मी पुन्हा हडपसरला गेलो आणि ज्ञानदेवांपुढे ते पाकीट ठेवलं. सगळं खरं सांगितलं, खळीसकट. त्यांनी चष्मा पहिल्यांदा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. म्हणाले, नागोराव, पंचवीस वर्षांत पोरांनी पाकिटं फोडलेली पाहिली, आजोबांनी फोडलेलं हे पहिलंच. शिपाई होतात म्हणालात ना? मग हसले, आणि मला खाली बसवलं. ते जुनं पाकीट जमा करून घेणार, नवं बनवून देणार. पण नियम असा की मागणी तुझीच हवी. तुझ्या सहीचा अर्ज, आणि कॉलेजच्या पत्त्यावर तुझा ईमेल. तो उद्या, बुधवारी दुपारपर्यंत आला तर शुक्रवारी संध्याकाळी पाकीट माझ्या हातात. कुरिअरला आठवडा लागतो. म्हणजे तेरा-चौदा तारखेला तिथे पोचेल. अर्जात काय लिहायचं ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलंय, त्याचाही फोटो दीपाली पाठवेल. मी शुक्रवारी हडपसरलाच असेन. या वर्षी दादरला आजी माझ्यावाचून जाईल.

आता जे सांगायला हा सगळा पसारा मांडला ते सांगतो. पाकीट मी भीतीपोटी उघडलं, ते एक झालं. पण त्यानंतरचे बारा दिवस फक्त भीतीचे नव्हते. रोज सकाळी कॅलेंडरकडे बघून मला वाटायचं, आणखी थोडे दिवस असेच गेले तर पोरगी इथेच राहील, आणि कोणाला काही म्हणावंही लागणार नाही. असं मी मनात म्हणालो, मैत्री. एकदा नाही, बऱ्याचदा. माझ्यासाठी तू एका पेपराला गैरहजर राहिलीस आणि वर मलाच धीर दिलास, हे कळल्यावरसुद्धा म्हणालो. हे तुला इतर कोणाकडून कधीच कळलं नसतं, म्हणून मीच लिहिलं. तू जा. तिथली माती कशी असते ते मला खरोखरच जाणून घ्यायचं आहे. रागावलीस तर रागाव, तुझा हक्कच आहे. फक्त अर्ज आधी पाठव, राग मागून पाठव. दीपाली आज घरीच आहे, तिचा मोबाइल माझ्यासमोर टेबलावर ठेवून घेतलाय. पत्र मिळालं एवढं तरी लगेच कळव.

तुझाच,
आबा